गाणाऱ्याचा चेहरा : भारतांतील स्वतंत्र संगीत-चित्रफितींची हकीकत

किर्लोस्कर नाटक मंडळीनें १८८० सालीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून मराठी प्रेक्षकाला एक संवय जडली. जो गातो तोच दिसतो, आणि जो दिसतो तोच गातो. बालगंधर्वांच्या गळ्यावर लुब्ध झालेला रसिक त्यांच्या मुद्रेवर आणि पदर सांवरण्याच्या ढबीवरहि तितकाच लुब्ध असे. गळा आणि मुद्रा यांची ताटातूट होऊं शकेल ही कल्पनाहि त्याच्या मनाला शिवली नसती. बोलपट आला त्यानंतरहि कांहीं वर्षें हा संकेत टिकून होता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत मॅजेस्टिक चित्रपटगृहांत ‘आलम आरा’ झळकला, पुढच्या वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांनीं स्वतःच्याच आवाजांत पदें म्हटलीं. पण १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें नितीन बोस यांनीं ‘धूपछांव’ या चित्रपटांत पार्श्वगायनाची युक्ति योजिली, आणि पाहतां पाहतां गळा एकाचा व चेहरा दुसऱ्याचा हा नियमच होऊन बसला.

या नियमानें चित्रपटाचा अपार लाभ झाला यांत शंका नाहीं. ज्यांना अभिनयाचें अंग नाहीं किंवा पडद्यावर येण्याची हौस नाहीं, असे थोर गळे त्यामुळेंच घरोघर पोंचले. परंतु त्याची एक किंमतहि द्यावी लागली. गाणें हें चित्रपटाच्या वाड्यांतील बिऱ्हाडकरू झालें. कथेंत जेवढी जागा मिळेल तेवढीच त्याची जागा. नायिका ज्या बागेंत धांवेल तीच त्याची बाग. गाणें रचणारा, गाणारा, वाजविणारा यांपैकीं कोणीहि त्या चित्राचा धनी नव्हता. भारतांत ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात त्या संगीत-चित्रफितीचा इतिहास लिहावयाचा, तर या बिऱ्हाडकरूनें स्वतःचें घर बांधण्याचा जो खटाटोप केला त्याची हकीकत सांगावी लागते. अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं एम्. टी. व्ही. वाहिनी सुरू झाली, तेव्हां गाण्याला चित्र जोडणें हीच तेथें नवलाई होती. आपल्याकडे गाण्याला चित्र होतेंच, उलट तें नको इतकें होतें. नवें होतें तें चित्रपटावांचून चित्र देणें.

चित्रपटावांचून गाणें जगूं शकतें, हें महाराष्ट्राला नभोवाणीनें पूर्वींच दाखवून दिलें होतें. भावगीताचा जो बहर गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांनीं आणिला, त्याला ना पडदा होता ना नायिका. १९५५ सालच्या रामनवमीस पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें, आणि वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणें ५६ गीतें ऐकविण्यांत आलीं. अयोध्या कशी, चित्रकूट कसा, हें प्रत्येक श्रोत्यानें आपापल्या घरीं डोळे मिटून रंगविलें. चित्रफितीवर जो आक्षेप जुने रसिक नेहमीं घेतात त्याचें मूळ येथें आहे. ऐकणाऱ्याच्या मनांत हजार चित्रें उमटावयाचीं, तेथें दिग्दर्शक आपलें एकच चित्र लादतो, असें त्यांचें म्हणणें. आक्षेप खोटा नाहीं. मात्र तो सामान्य चित्रफितीला जितका लागू पडतो तितका चांगल्या चित्रफितीला पडत नाहीं, आणि चांगल्या चित्रफिती या देशांत निघाल्या आहेत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यावरील ‘छायागीत’ पाहण्यासाठीं शेजारपाजारची मंडळी ज्या एका घरीं संच असेल तेथें सतरंजीवर दाटीवाटीनें बसत, हें चाळींत वाढलेल्या पिढीला सांगावयास नको. पण ‘छायागीत’ म्हणजे चित्रपटांतून कापून आणलेलीं गाणींच. संबंध देशानें एकाच वेळीं पाहिलेली आणि चित्रपटाशीं कसलाहि संबंध नसलेली अशी पहिली मोठी गीत-चित्रफीत म्हणजे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. १५ ऑगस्ट १९८८ रोजीं, लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचें भाषण झाल्यानंतर, ती दूरदर्शनवर दाखविण्यांत आली. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, चाल अशोक पत्की यांची व वाद्यमेळ लुई बँक्स यांचा. १४ भाषा, एक भैरवी. तें काम सरकारी होतें, त्याला स्वतंत्र म्हणणें धाडसाचें होईल. तरी त्यांत एक गोष्ट अशी घडली कीं जिच्याकडे त्या वेळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पंडित भीमसेन जोशी मोकळ्या निसर्गांत उभे राहून गातांना दिसले, आणि शेवटीं लता मंगेशकर पडद्यावर स्वतः आल्या. जिचा आवाज चार दशकें दुसऱ्यांच्या ओठांवर होता, तिचे स्वतःचे ओठ हलतांना सामान्य माणसानें पाहिले.

स्वतंत्र हा शब्द ज्याला पुरतेपणीं शोभेल असा एक कलावंत त्याच दशकांत गोव्यास होता. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनीं १९८४ सालीं ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत आपल्या घरींच मुद्रित केली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा, वाद्येंहि बहुतेक त्यांनींच वाजविलेलीं. आणि फिती तयार झाल्यावर स्कूटरवर घालून दुकानोदुकानीं पोंचविण्याचें कामहि त्यांनींच केलें. अशा माणसानें पदरमोड करून चित्रफीत काढली असती, तरी ती दाखविणार कोण हा प्रश्न होताच.

दाखविणारा मिळाला तो आकाशांतून. १९९१ सालीं स्टार वाहिन्यांचें उपग्रह-प्रक्षेपण सुरू झालें, आणि त्यांतच एम्. टी. व्ही.ची आशियाई वाहिनी होती. केबलवाल्यांनीं गच्च्यांवर तबकड्या उभारल्या, झाडांवरून आणि गॅलऱ्यांवरून तारा ओढल्या, आणि महिन्याच्या वर्गणींत जगांतील गाणीं घरांत आणून सोडलीं. १९९४ सालीं एम्. टी. व्ही. स्टारपासून विभक्त झाली, तिची जागा ‘चॅनेल व्ही’नें घेतली, आणि १९९६ सालीं एम्. टी. व्ही. आपली भारतीय वाहिनी घेऊन परत आली. चोवीस तासांच्या दोन वाहिन्या, आणि दाखवावयास पुरेसा माल नाहीं, अशी ती स्थिति होती. पाश्चात्य गाणीं थोड्या शहरी तरुणांपलीकडे कोणाला रुचेनात. ध्वनिफितींच्या कंपन्यांना ही रिकामी जागा दिसली. चित्रफीत आपल्या खर्चानें काढावयाची, वाहिनीस द्यावयाची, आणि ध्वनिफितींच्या विक्रींतून पैसे वसूल करावयाचे, असा व्यवहार बसला. चित्रण करणारे आले ते बहुतांशीं मुंबईच्या जाहिरात-धंद्यांतून. तीस सेकंदांत गोष्ट सांगण्याचा सराव असलेल्या या मंडळींना चार मिनिटें म्हणजे मोकळें रान वाटलें असल्यास नवल नाहीं.

बाबा सेहगल यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’नें १९९२ सालीं वाट दाखविली होती, राजमार्ग झाला तो १९९५ सालीं ‘मेड इन इंडिया’नें. मॅग्नासाउंड कंपनी, बिद्दू यांचें संगीत, केन घोष यांचें दिग्दर्शन, आणि गायिका अलिशा चिनॉय. चित्रफितीची कथा म्हणजे उघड उघड स्वयंवर आहे. राजकन्येला देशोदेशींचा कोणीहि पसंत पडत नाहीं, आणि अखेर एका लांकडी पेटींतून मिलिंद सोमण प्रकट होतो. ज्या काळांत बाजार विदेशी मालासाठीं नुकताच खुला झाला होता, त्या काळांत मालावर मारावयाचा शिक्का नवऱ्या मुलावर मारण्याची ही कल्पना गमतीची होती, आणि लोकांनीं ती डोक्यावर घेतली. कलेच्या दृष्टीनें त्यांत फार कांहीं आहे असें नाहीं. रेशीम, हत्ती, दिवे, राजवाडा हा सारा थाट परक्याला दाखवावयाच्या हिंदुस्थानचा आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व वेगळें. १९८७ सालीं ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटांत याच अलिशाबाईंचा आवाज श्रीदेवीच्या मुखांतून लोकांनीं ऐकला होता. आठ वर्षांनीं तोच आवाज स्वतःचा चेहरा घेऊन आला. ‘धूपछांव’पासून तुटलेला सांधा साठ वर्षांनीं असा जुळला, आणि तो जुळविणाऱ्यांना आपण कांहीं जुळवीत आहों याची जाणीव असेल असें वाटत नाहीं.

त्यानंतरचीं पांच-सहा वर्षें या कलेचा पहिला बहर. १९९६ सालीं लकी अली यांचें ‘ओ सनम’ आलें. महेश मथाई यांनीं तें मिसर देशांत नेऊन चित्रित केलें. लकी अली हे प्रसिद्ध विनोदी नट मेहमूद यांचे चिरंजीव. चित्रपटसृष्टींत जन्मलेला माणूस आपलें गाणें घेऊन चित्रपटाबाहेर निघाला, हेंच मुळीं बोलकें आहे. वाळवंट आणि पिरॅमिड यांच्या निश्चल पार्श्वभूमीवर त्यांचा थोडा खरबरीत, थोडा दमलेला आवाज असा कांहीं बसला आहे कीं एकास दुसऱ्यापासून निराळें काढतां येऊं नये. दिल्लीच्या ‘युफोरिया’ वाद्यवृंदाचें ‘धूम पिचक धूम’ (१९९८) आणि शुभा मुद्गल यांचें ‘अब के सावन’ (१९९९) या दोन्ही चित्रफिती प्रदीप सरकार यांनीं केल्या. सरकार यांची नजर राजवाड्याकडे जात नसे. ती गल्लीकडे, भिजलेल्या रस्त्याकडे, रोजच्या माणसांकडे जाई. शास्त्रीय संगीताच्या बैठकींत बसणारी गायिका पावसाळ्याचें गाणें घेऊन तरुणांच्या वाहिनीवर आली, तेव्हां कांहीं जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. पण संगीत रंगभूमीनेंहि एके काळीं अशींच नाकें मुरडलेलीं पाहिलीं होतीं.

याच काळांतील एक चित्रफीत मोठी विलक्षण आहे. १९९८ सालीं दलेर मेहंदी यांचें ‘तुनक तुनक तुन’ निघालें. दलेर यांच्या फिती खपतात त्या चित्रांत नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळें, अशी टीका होत असे. त्यांनीं उत्तर म्हणून सगळ्यांनाच काढून टाकलें आणि पडद्यावर केवळ आपणच राहिले; तेहि एक नव्हे, चार. पृथ्वी, आप, तेज, वायु अशीं चार महाभूतें चार रंगांचे झगे व फेटे घालून नाचतात, आणि मागें संगणकावर रचलेले डोंगर व आकाश. चित्रण एका रंगाच्या पडद्यापुढें करून मागाहून पार्श्वभूमी भरण्याची ही रीत आज शाळकरी पोरांनाहि अवगत आहे. तेव्हां ती नवी होती, आणि कसब बेतास बात होतें. तीं कच्चीं चित्रें, ती निरागस ऐट, यांमुळेंच पुढें इंटरनेटवर परदेशी तरुणांनीं तिला उचलून धरलें. २००७ सालीं एका प्रसिद्ध अमेरिकी संगणक-खेळांत एका जातीच्या पात्रांना नाचावयास लाविलें, तें दलेर यांच्याच पदन्यासावर. टीकाकाराला दिलेलें उत्तर इतकें दूरवर ऐकूं गेल्याचें उदाहरण विरळा.

परंतु त्या बहरांतील खरी मोलाची कृति निवडावयाची झाली तर ती ‘मन के मंजीरे’ होय. ‘ब्रेकथ्रू’ ही स्त्रियांच्या हक्कांसाठीं काम करणारी संस्था मल्लिका दत्त यांनीं स्थापन केली, आणि २००० सालीं तिनें पहिलें मोठें काम हातीं घेतलें तें भाषणांचें किंवा पत्रकांचें नसून गाण्याचें. शब्द प्रसून जोशी यांचे, चाल शंतनु मोइत्रा यांची, गळा शुभा मुद्गल यांचा. कथा खरी होती. अहमदाबादच्या एका स्त्रीनें नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलें, आणि पोट भरण्यासाठीं ती मालमोटार चालवावयास शिकली. पडद्यावर ती भूमिका मीता वसिष्ठ यांनीं केली. आतां असा विषय हातीं आला म्हणजे सामान्य दिग्दर्शक काय करील हें सांगावयास नको: रडणें, फुटलेल्या बांगड्या, दाराआड उभें राहिलेलें भ्यालेलें मूल. येथें मारहाणीला जवळजवळ जागाच नाहीं. चाक हातांत धरलेली एक बाई, पुढें उघडा रस्ता, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत जाणारा मोकळेपणा. दुःख मागें राहिलें आहे हें प्रेक्षकाला त्या मोकळेपणावरूनच उमगतें. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा या देशांत २००५ सालीं झाला आणि पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत अमलांत आला. गाण्यानें कायदा झाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्या घरांत हा विषय काढण्याची सोय नव्हती, त्या घरांत तो नाचगाण्याच्या वाहिनीवरून, पोरें पाहत असतां, आत शिरला. येथेंच दिग्दर्शकाचें चित्र ऐकणाऱ्याच्या कल्पनेला मारक न होतां पूरक कसें होतें तें दिसतें. गाणें नुसतें ऐकणाऱ्याच्या मनांत मालमोटार आली असती काय?

यानंतर ओहोटी लागली, आणि ती फार लवकर लागली. चित्रपट-निर्मात्यांच्या ध्यानांत आलें कीं प्रदर्शनापूर्वीं गाण्याचा तुकडा वाहिनीवर झळकला तर ती चित्रपटाचीच जाहिरात होते. वाहिन्यांवर त्या तुकड्यांचा पूर लोटला. चित्रपटाच्या खर्चापुढें एकट्या गायकाची चित्रफीत म्हणजे हत्तीपुढें शेळी. उरलेली जागा जुन्या गाण्यांच्या नव्या अवतारांनीं व्यापिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत एक तरतूद होती: मूळ मुद्रणानंतर दोन वर्षें लोटलीं कीं, सूचना देऊन व ठरीव मोबदला भरून, तेंच गाणें दुसऱ्या गायकाकडून गाववून बाजारांत आणतां येई. या खिंडींतून ‘रीमिक्स’ची फौज आंत घुसली. १९७२ च्या ‘समाधि’ चित्रपटांतील लताबाईंचें ‘कांटा लगा’ २००२ सालीं नव्या ठेक्यावर व नव्या चित्रफितींत आलें, आणि त्या चित्रफितीविषयीं घरोघर जी वादावादी झाली ती अजून अनेकांच्या स्मरणांत असेल. वादावादी पोषाखावरून झाली. ती मालकीवरून व्हावयास हवी होती. २०१२ सालच्या दुरुस्तीनें दोन वर्षांचीं पांच वर्षें केलीं आणि मूळ कृतींत बदल करण्यावर बंधनें घातलीं. पण तोंपर्यंत दहा वर्षें उलटून गेलीं होतीं आणि नवें गाणें रचणाऱ्याला वाहिनीवर जागा उरली नव्हती.

पुनर्जन्म झाला तो वाहिनीबाहेर. यूट्यूब ही व्यवस्था अमेरिकेंत २००५ सालीं निघाली, तिची भारतीय आवृत्ति २००८ सालीं आली, आणि दाखविणार कोण हा रेमो यांच्या काळचा प्रश्नच निकालांत निघाला. १९९५ सालीं चित्रफितीला कंपनी लागे, दिग्दर्शक लागे, राजवाडा लागे. २०१४ सालीं मुंबईच्या कुर्ल्यांतील नेझी नांवाच्या तरुणानें वडिलांनीं दिलेल्या आयपॅडवर आपलें ‘आफत’ हें गाणें मुद्रित केलें, त्याच आयपॅडवर त्याचें चित्रण केलें, आणि तें लोकांपुढें ठेवलें. चित्र हलतें, उजेड कमीजास्त होतो, मागें वस्तीचीं पत्र्याचीं घरें दिसतात. ज्या वस्त्यांतून चित्रपटवाले आपले गुंड आणि मोलकरणी उचलीत, त्या वस्तीनें स्वतःचें चित्र स्वतः काढल्याचें हें पहिल्या उदाहरणांपैकीं एक. पुढच्याच वर्षीं नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन या दोघांचें ‘मेरे गली में’ आलें. २०१९ सालीं चित्रपटानें तेंहि आपल्या वाड्यांत नेलें. ‘गली बॉय’मध्यें तें गाणें नव्यानें बसविलें गेलें, आणि पडद्यावर चेहरे नटांचे होते. बिऱ्हाडकरूची वाड्याशीं असलेली सोयरीक अशी सहजासहजीं तुटत नाहीं.

दक्षिणेंत या साधनाचा उपयोग निराळ्या दिशेनें झाला. कोडाईकनाल येथें पाऱ्याच्या तापमापकांचा एक कारखाना हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीच्या मालकीचा होता. तो २००१ सालीं बंद झाला, पण पाऱ्याच्या बाधेबद्दल कामगारांची तक्रार चालूच राहिली. २०१५ सालीं सोफिया अशरफ या तरुणीनें एका अमेरिकी गाण्याच्या चालीवर ही तक्रार मांडली. रतिंद्रन प्रसाद यांनीं त्याची चित्रफीत केली, आणि ती जगभर पाहिली गेली. मार्च २०१६ मध्यें कंपनीनें ५९१ माजी कामगारांशीं समझोता केला. कामगारांचा लढा पंधरा वर्षांचा होता, चित्रफीत तीन मिनिटांची. तेव्हां श्रेयाचा मोठा वांटा कोणाचा हें उघडच आहे.

त्याच दिग्दर्शकाची जानेवारी २०१७ मधील ‘चेन्नई पोरंबोकु पाडल’ ही चित्रफीत मात्र कलाकृति म्हणूनहि फार वरच्या पायरीची आहे. पोरंबोकु म्हणजे सरकारदरबारीं ज्यावर सारा नाहीं आणि जी सर्वांच्या उपयोगाची, अशी जमीन; आपल्याकडे गायरान म्हणतात तिच्याशीं तिचें जवळचें नातें. बोलचालींत याच शब्दाची तमिळांत शिवी झाली. कुचकामी माणसाला पोरंबोकु म्हणावयाचें. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, आणि जें कोणाचेंच नाहीं तें टाकाऊ, असा हा शब्दाचा प्रवास आहे. कबेर वासुकी यांनीं या शब्दावरच गीत रचलें, आर. के. श्रीरामकुमार यांनीं त्याला कर्नाटक पद्धतीच्या रागमालेंत बसविलें, आणि टी. एम. कृष्णा तें गायिले. कोठें, तर चेन्नईच्या उत्तरेस एन्नूर खाडीच्या कांठीं, जेथें औष्णिक वीजकेंद्रांची राख पाण्यांत मिसळते. एरवीं सभागृहांत, मंद दिव्यांत, जाणकारांपुढें गाणारा हा गायक राखेनें करड्या झालेल्या जमिनीवर साथीदारांसह दिसतो, आणि मागें धुराडीं. राग तोच, ताल तोच, आलापीची ऐटहि तीच. दिग्दर्शकानें वेगळें कांहीं केलेलें नाहीं. त्यानें फक्त बैठकीची जागा बदलली. रागाचें पावित्र्य सभागृहाच्या भिंतींत आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ही चित्रफीत एकदां अवश्य पहावी.

महाराष्ट्रांत तिच्याशेजारीं ठेवावी अशी चित्रफीत ‘स्वदेसी’ या मुंबईच्या मंडळीची, ‘द वारली रिव्होल्ट’. ही मंडळी मराठी, हिंदी अशा अनेक भाषांत गाते. या गाण्यांत त्यांनीं आरे जंगलांतील वारली समाजाचे कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना आपल्या बरोबरीनें गावयास उभें केलें. तें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील २,१४१ झाडें तोडण्यांत आलीं. झाडें वांचलीं नाहींत. पण ती जागा ज्यांची त्यांच्या तोंडून, त्यांच्याच बोलींत, ती कशी होती हें मुद्रित होऊन राहिलें आहे.

सगळींच गाणीं लढ्याचीं नव्हेत, आणि नसावींत. प्रतीक कुहाड यांच्या ‘कसूर’ची चित्रफीत २०२० च्या टाळेबंदींत निघाली. दिग्दर्शिका दार गाई या मूळच्या युक्रेनच्या, मुंबईस स्थायिक झालेल्या. रस्त्यावर निघावयाची बंदी, दोन माणसें एकत्र आणावयाची सोय नाहीं. तेव्हां बाईंनीं निरनिराळ्या ठिकाणीं आपापल्या घरांत बसलेल्या माणसांना संगणकाच्या पडद्यावरून आठवणींना हात घालणारे प्रश्न केले, आणि आठवतां आठवतां त्यांच्या चेहऱ्यांवर जें उमटलें तेवढेंच टिपलें. गायक नाहीं, नट नाहीं, कथा नाहीं, केवळ चेहरे. कोणी हंसतो, कोणाचे डोळे भरतात, कोणी मान फिरवितो. प्रश्न काय होता तें प्रेक्षकाला ऐकूं येत नाहीं, आणि म्हणून प्रत्येकजण तेथें आपला प्रश्न घालतो. डोळे मिटून ‘गीतरामायण’ ऐकणाऱ्या श्रोत्याचें स्वातंत्र्य येथें डोळे उघडे ठेवून परत मिळतें.

मालकीचा प्रश्न मात्र नव्या माध्यमांतहि सुटलेला नाहीं. २०२१ सालीं तमिळमध्यें ‘एंजॉय एंजामी’ हें गाणें आलें. गायिका धी, शब्द व गायन अरिवु यांचें, संगीत संतोष नारायणन् यांचें, चित्रफितीचें दिग्दर्शन अमित कृष्णन् यांचें. गाण्याच्या मुळाशीं अरिवुंच्या आजीचें आयुष्य आहे, चहाच्या मळ्यांत राबलेल्या, जमीन नसलेल्या माणसांची ती कहाणी आहे, आणि आजी स्वतः चित्रफितींत बसलेली आहे. कोट्यवधि लोकांनीं तें पाहिलें. त्याच वर्षीं एका संगीत-नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या निमित्तानें कलावंतांचीं छायाचित्रें आलीं, तेव्हां त्यांत अरिवु नव्हते, दिग्दर्शक पा. रंजित यांनीं त्यावर जाहीरपणें हरकत घेतली, आणि चूक पुढें दुरुस्त करण्यांत आली. पुढें २०२४ सालीं संतोष नारायणन् यांनीं या गाण्यापासून आपल्याला कांहींच उत्पन्न मिळालें नसल्याचें बोलून दाखविलें. ज्या गाण्याचा विषयच ‘राबणारा एक, खाणारा दुसरा’ हा, त्याची ही गत झाली.

जुलै २०२४ मध्यें केरळचा हनुमानकाइंड आणि संगीतकार कल्मी यांचें ‘बिग डॉग्ज’ आलें व अमेरिकेच्या बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादींत पोंचलें. बिजॉय शेट्टी यांनीं त्याचें चित्रण पोन्नानी येथें ‘मौत का कुआँ’मध्यें केलें. आपल्याकडील जत्रांतून हा खेळ सर्वांनीं पाहिला आहे: लांकडी फळ्यांची उंच विहीर, वर कडेला ओणवे झालेले प्रेक्षक, आणि भिंतीवर आडव्या धांवणाऱ्या फटफट्या. ‘मेड इन इंडिया’नें परक्याला हत्ती आणि राजवाडा दाखविला होता, तीस वर्षांच्या आंतच परक्यानें जत्रेंतली विहीर डोळे विस्फारून पाहिली. गायक विहिरीच्या तळाशीं उभा आहे आणि मोटारी त्याच्या डोक्यावरून फिरत आहेत. खेळ करणारे ते स्वार नट नव्हेत, हा त्यांचा रोजचा धंदा आहे.

आतां राहिली गोष्ट त्या पहिल्या बहरांतील चित्रफितींची. चित्रपटांसाठीं पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. चार मिनिटांच्या गाण्यांचा तसा विचार कोणी केला नाहीं. जाहिरातीचा कागद गरज सरल्यावर कोण जपतो? चुंबकीय फितीचें आयुष्य थोडें. दमट हवेंत तर तिला बुरशी धरते. आज त्या काळांतील कित्येक चित्रफिती पहावयास मिळतात त्या कंपन्यांच्या कृपेनें नव्हे, तर ज्या रसिकांनीं आपल्या घरच्या व्ही. सी. आर.वर त्या उतरून घेतल्या, कपाटांत पंचवीस वर्षें जपल्या, आणि मग इंटरनेटवर आणून ठेवल्या, त्यांच्या कृपेनें. चित्र फिकें पडलेलें, खालच्या कडेला आडव्या रेघा, आवाज मधूनच बसतो. कांहींच्या कोपऱ्यांत चॅनेल व्हीचें चिन्ह अजून दिसतें. ती वाहिनी भारतांत १५ सप्टेंबर २०१८ रोजीं बंद झाली.